वाट हेच ज्यांचे घर: मठाधिपती संत कोलंबन

दर वर्षी २३ नोव्हेंबर रोजी ख्रिस्तसभेच्या दिनदर्शिकेत पोप संत पहिले क्लेमेंट ह्यांच्या नावाशेजारी आणखी एक नाव छापलेले आढळते, ते म्हणजे मठाधिपती संत कोलंबन. पहिले नाव आपल्या परिचयाचे असते. दुसरे वाचून आपण पुढे जातो. युरोपात मात्र ह्या संताच्या पाऊलखुणांवरून आजही माणसे पाठीवर पिशवी टाकून दिवसचे दिवस चालत असतात. आयर्लंडच्या डोंगरउतारांपासून फ्रान्समधील व्होज पर्वताच्या रानांतून, ल्वार व ऱ्हाइन नद्यांच्या काठाकाठाने, आल्प्स ओलांडून इटलीतील ट्रेब्बिया नदीच्या खोऱ्यापर्यंत ही वाट जाते. चौदाशे वर्षांपूर्वी एका आयरिश संन्याशाने ती तुडवली. काही अंतर स्वेच्छेने आणि काही अंतर शिपायांच्या पहाऱ्यात.

आरंभीच एक खुलासा केलेला बरा. स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटावर मठ स्थापन करणारे आणि इ. स. ५९७ मध्ये निधन पावलेले संत कोलंबा हे निराळे. दोघेही आयरिश, दोघेही मठाधिपती, दोघांच्याही नावाचा अर्थ 'कबुतर' असा, त्यामुळे भल्याभल्यांची गफलत होते. आपल्या चरित्रनायकाला वेगळे ओळखण्यासाठी लॅटिन ग्रंथांत 'कोलंबानुस' असे संबोधले जाते.

त्यांचा जन्म इ. स. ५४० नंतरच्या काही वर्षांत आयर्लंडच्या लेन्स्टर प्रांतात झाला. त्यांच्या निधनानंतर साधारण तीन वर्षांनी बोब्बियोच्या मठात दाखल झालेल्या योनास नावाच्या संन्याशाने त्यांचे चरित्र लिहिले. कोलंबन ह्यांच्यासह राहिलेली माणसे तेव्हा हयात होती, त्यांच्या तोंडून ऐकून त्याने ते सिद्ध केले. योनासला चमत्कारांची आवड जरा अधिकच आहे, हे मान्य करावे लागते. तरीही वाटेवरची गावे, नद्या, राजे आणि भांडणे ह्यांविषयी तो जे सांगतो, ते बहुतांशी इतिहासाशी जुळते.

बालपणीच त्यांना व्याकरण आणि पवित्र शास्त्र ह्यांचे उत्तम शिक्षण मिळाले. तरुणपणी ते देखणे होते आणि गावातील तरुणींचे लक्ष त्यांच्याकडे वेधले जाई, असे योनास सांगतो. मनाची घालमेल होऊ लागली तेव्हा ते एका एकांतवासी धर्मशील स्त्रीकडे सल्ल्यासाठी गेले. तिने स्वतः कित्येक वर्षांपूर्वी घरदार सोडले होते. तिने त्यांना स्पष्ट सुनावले, की इथे राहशील तर पडशील, तेव्हा आताच निघ. घरी येऊन त्यांनी आपला निर्णय सांगितला, तशी आईने आकांत केला आणि ती दाराच्या उंबरठ्यावर आडवी पडली. मुलाने तिला विनवले, आपण ह्या जन्मी पुन्हा भेटणार नाही असे सांगितले आणि तिला ओलांडून तो बाहेर पडला. संतचरित्रांत हा प्रसंग वैराग्याचा नमुना म्हणून गौरवाने सांगितला जातो. प्रस्तुत लेखकाला तो वाचताना दर वेळी त्या माउलीचीच आठवण येते. तिचे नावसुद्धा कोणी लिहून ठेवलेले नाही.

लॉक अर्न ह्या विस्तीर्ण सरोवरातील क्लीनिश बेटावर सिनेल नावाचे विद्वान गुरू होते. त्यांच्यापाशी कोलंबन ह्यांनी पवित्र शास्त्राचा अभ्यास केला आणि तरुण वयातच स्तोत्रसंहितेवर भाष्य लिहिले. तेथून ते उत्तरेकडील बँगर येथील मठात गेले. संत कॉमगॉल ह्यांनी इ. स. ५५८ च्या सुमारास स्थापन केलेला हा मठ कडक शिस्तीसाठी आणि अखंड स्तोत्रगायनासाठी साऱ्या आयर्लंडमध्ये ख्यातकीर्त होता. तेथे कोलंबन ह्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. मान होता, शिष्य होते, ग्रंथ होते. वयाची पन्नाशी जवळ आली होती. सामान्य माणूस अशा वेळी स्थिरावतो. कोलंबन ह्यांना मात्र निघण्याची ओढ लागली.

ह्या ओढीचा अर्थ समजण्यासाठी तत्कालीन आयरिश समाज ध्यानात घ्यावा लागतो. तेथे माणसाचे सारे हक्क त्याच्या कुळाशी आणि टोळीच्या भूमीशी बांधलेले असत. तिच्या सीमेबाहेर गेलेल्याला ना मान, ना संरक्षण. म्हणूनच हद्दपारी ही घोर अपराधाची शिक्षा मानली जाई. आयरिश संन्याशांनी हीच शिक्षा प्रभूसाठी आपण होऊन पत्करली. ख्रिस्ताकरिता रक्त सांडणे हे रक्तवर्णी हौतात्म्य, तर ख्रिस्ताकरिता प्रिय ते सर्व सोडून दूर जाणे हे शुभ्र हौतात्म्य, अशी त्यांची धारणा होती. एखाद्या क्षेत्री जाऊन दर्शन घेऊन घरी परतणे, ही त्यांची यात्रा नव्हती. तिला परतीची वाटच नव्हती.

संत कॉमगॉल प्रथम राजी नव्हते. एवढा मोठा आधार हातचा जाऊ देणे त्यांना जड गेले. अखेर त्यांनी आशीर्वाद दिला आणि इ. स. ५९० च्या सुमारास कोलंबन बारा सोबत्यांसह समुद्रमार्गे निघाले. प्रभूच्या बारा प्रेषितांची आठवण ह्या संख्येमागे होती. त्या बारांमध्ये गॅल नावाचा एक तरुण होता. त्याच्याविषयी पुढे सांगावयाचे आहे.

ब्रिटनीच्या किनाऱ्याला लागून ही मंडळी फ्रँक लोकांच्या राज्यात आली. रोमन साम्राज्य कोसळून शतक उलटले होते. रोमनांनी बांधलेले फरसबंदी रस्ते मात्र अद्याप शिल्लक होते. कुठे उखडलेले, कुठे झुडपांनी झाकलेले, तरी पायी चालणाऱ्याला दिशा दाखवणारे. बर्गंडीच्या राजाने त्यांना आश्रय देऊ केला. कोलंबन ह्यांनी सुपीक जमीन मागितली नाही. व्होज पर्वतातील आनग्रे येथे एका पडक्या रोमन गढीच्या अवशेषांत त्यांनी आपला पहिला मठ उभारला. जंगल साफ करणे, लाकूड तोडणे, जमीन नांगरणे अशी कामे सुरू झाली. पहिल्या दिवसांत पोटाला झाडाच्या साली आणि रानपाला ह्यांखेरीज काही नव्हते. एक भाऊ आजारी पडला आणि त्याला द्यायलाही काही उरले नाही. तेव्हा दूरच्या एका मठाच्या अधिपतीने घोड्यावर धान्य लादून आपला कोठारी पाठवला. वाट ठाऊक नसल्याने त्याने घोडे मोकळे सोडले आणि ते थेट आनग्रेच्या दाराशी येऊन थांबले, असे चरित्रकार नमूद करतो.

मठात माणसांची गर्दी वाढू लागली की कोलंबन एकटेच रानात निघून जात. एकदा एका गुहेत त्यांना अस्वल आढळले. त्यांनी त्याला निघून जाण्यास सांगितले आणि पुन्हा ह्या बाजूला फिरकू नकोस अशी ताकीद दिली. अस्वल मुकाट्याने निघून गेले. ती गुहा आजही आनग्रेजवळच्या डोंगरात दाखवतात आणि पदयात्रेकरू तेथे थांबून प्रार्थना करतात. त्यांच्या एका शिष्याने तर सांगून ठेवले आहे, की रानात एकटे चालताना ते हाक मारीत आणि झाडावरची खार खाली उतरून त्यांच्या हाताखांद्यावर खेळे, मानेभोवती फिरून पुन्हा अंगरख्यात शिरे. मठात ज्यांच्या नजरेने संन्याशांना धडकी भरे, तेच हे मठाधिपती.

आनग्रेची जागा अपुरी पडू लागली तेव्हा सुमारे आठ मैलांवर लुक्सय येथे, रोमनांच्या जुन्या उष्णोदक स्नानगृहांच्या अवशेषांपाशी, दुसरा मठ उभा राहिला आणि त्यानंतर फोंतेन येथे तिसरा. सरदारांची मुले आणि शेतकऱ्यांची मुले एकाच पंगतीत बसू लागली. कोलंबन ह्यांनी संन्याशांसाठी जे नियम लिहिले ते वाचताना आजही अंगावर काटा येतो. दिवसातून एकदाच, तेही सायंकाळी, भाजीपाला, शेंगाधान्य, पाण्यात कालवलेले पीठ आणि लहानशी भाकरी एवढेच भोजन. संन्याशाने इतके कष्ट करावेत की बिछान्याकडे जाता जाताच त्याचे डोळे मिटावेत आणि झोप पुरी होण्याआधी त्याने उठावे. जेवणापूर्वीच्या प्रार्थनेला 'आमेन' म्हटले नाही तर सहा फटके. स्तोत्राच्या आरंभी खोकल्याने सूर बिघडला तरी सहा फटके. हा कठोरपणा पुढे टिकला नाही. सातव्या शतकातच संत बेनेडिक्ट ह्यांच्या सौम्य नियमावलीशी त्याचा मेळ घालण्यात आला आणि कालांतराने तीच सर्वत्र रूढ झाली. हे योग्यच झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र त्यांच्या मठांतून आलेली एक गोष्ट आपल्यापर्यंत येऊन पोहोचली आहे. त्या काळी मोठ्या पापांसाठी सर्वांदेखत प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि तेही बहुधा आयुष्यात एकदाच. ह्या धास्तीने लोक ते मरणाच्या दारापर्यंत लांबणीवर टाकत. आयरिश संन्यासी मात्र आपल्या आत्मिक मार्गदर्शकापाशी एकांतात, पुन्हा पुन्हा पापनिवेदन करीत आणि पापाच्या स्वरूपानुसार प्रायश्चित्त स्वीकारीत. कोलंबन ह्यांनी ह्या विषयावर मार्गदर्शक ग्रंथही लिहिला. लुक्सयच्या परिसरातील शेतकरी, सरदार, स्त्रिया मठाच्या दाराशी रांगा लावू लागले. आज आपण धर्मगुरूंपाशी एकांतात पापनिवेदन करतो, त्या प्रथेचा युरोपभर प्रसार होण्यात ह्या पायी फिरणाऱ्या आयरिश संन्याशांचा वाटा फार मोठा आहे.

स्थानिक बिशपांशी त्यांचे फारसे जमले नाही. पुनरुत्थानाच्या सणाची तारीख काढण्याची आयरिश पद्धत निराळी होती आणि कोलंबन ती सोडावयास तयार नव्हते. इ. स. ६०० च्या सुमारास त्यांनी पोप थोर संत ग्रेगरी ह्यांना ह्याविषयी पत्र लिहिले. भाषा नम्र, पण मुद्दे रोखठोक. इ. स. ६०३ मध्ये बिशपांनी शालों येथे धर्मपरिषद बोलावली, तेव्हा ते स्वतः गेले नाहीत. त्यांनी पत्र धाडले. आपण ह्या देशात परके असून बारा वर्षे कोणाला उपद्रव न देता रानात राहत आहोत, येथे आपले सतरा बंधू मातीआड झाले आहेत, त्यांच्या अस्थींशेजारी आम्हांला निमूटपणे राहू द्यावे, अशी त्यांची विनंती होती. तारखेच्या वादात बरोबर कोण होते हे बाजूला ठेवले, तरी त्या सतरा कबरींचा उल्लेख मनाला चटका लावून जातो.

खरे संकट आले ते राजवाड्यातून. बर्गंडीचा तरुण राजा थिऊडेरिक कोलंबन ह्यांचा आदर करी, भेटीला येई. परंतु त्याने विधिवत विवाह न करता अनेक स्त्रिया ठेवल्या होत्या. कोलंबन त्याला ह्यावरून वारंवार बजावीत. राजाची आजी ब्रुनहिल्डा हीच राज्याचा कारभार पाहत असे. नातवाने राणी आणली तर आपले महत्त्व संपेल, अशी तिला भीती होती. एके दिवशी कोलंबन तिच्याकडे गेले असता तिने राजाची मुले पुढे केली आणि आशीर्वाद मागितला. कोलंबन ह्यांनी नकार दिला. ही मुले कधीही राजदंड धारण करणार नाहीत, असेही ते म्हणाले. मुलांचा त्यात काय दोष, असा प्रश्न आपल्या मनात येतोच. तो अपमान ब्रुनहिल्डा विसरली नाही. मठांची रसद तोडण्यात आली, संन्याशांना बाहेर पडण्यास मज्जाव झाला आणि शेवटी शिपायांनी कोलंबन ह्यांना बझांसों येथे नेऊन स्थानबद्ध केले.

तेथे त्यांनी तुरुंगातील मृत्युदंडाच्या कैद्यांना उपदेश केला, प्रायश्चित्त घेण्याच्या अटीवर त्यांच्या बेड्या काढल्या आणि त्यांचे पाय स्वतः धुतले. मग एका रविवारी ते शहरालगतच्या उंच टेकडीवर चढून गेले. नदीचे वळण, पूल आणि लुक्सयकडे जाणारी वाट त्यांना वरून दिसली. वाटेवर कोणी पहारेकरी आहे का, हे पाहत ते दुपारपर्यंत तेथेच थांबले. कोणी नव्हते. मग ते शहराच्या मधोमध चालत गेले आणि सरळ आपल्या मठात परतले.

राजाने पुन्हा शिपाई पाठवले. ह्या खेपेस कोलंबन ह्यांनी हलण्यास साफ नकार दिला. तेव्हा शिपाई गुडघे टेकून रडू लागले. तुम्हांला न नेता परतलो तर आमचे प्राण जातील, असे त्यांनी सांगितले. राजाच्या आज्ञेपुढे न झुकणारे कोलंबन शिपायांच्या प्राणांसाठी झुकले. ज्या रानात वीस वर्षे घालवली, ते त्यांनी इ. स. ६१० मध्ये सोडले. केवळ आयर्लंड व ब्रिटनीहून आलेल्या बंधूंनाच सोबत जाण्याची परवानगी होती. स्थानिक संन्यासी, म्हणजे त्यांनी स्वतः घडवलेली माणसे, मागे ठेवण्यात आली.

त्यांना आयर्लंडला परत धाडावयाचे होते. बझांसोंवरून पश्चिमेकडे नेव्हेरपर्यंत पायी आणि तेथून ल्वार नदीतून नावेने, असा तो प्रवास झाला. नावेत चढण्यास उशीर केला म्हणून एका शिपायाने लुआ नावाच्या वृद्ध संन्याशाला वल्ह्याने मारले. ओर्लेआं शहरात राजाच्या धाकाने चर्चची दारे बंद होती आणि त्यांना अन्न देण्यास कोणी धजेना. अखेर सीरिया देशातून येऊन स्थायिक झालेल्या एका स्त्रीने आपल्या घरातील अन्न दिले. मीही परदेशीच आहे, असे तिने त्यांना सांगितले. तूर येथे संत मार्टिन ह्यांच्या कबरीपाशी प्रार्थना करण्याची कोलंबन ह्यांची इच्छा होती, पण पहारेकरी नाव थांबवेनात. योनास सांगतो, की शहरासमोर येताच नाव आपण होऊन काठाला लागली. ती रात्र कोलंबन ह्यांनी त्या कबरीपाशी जागून काढली.

समुद्राच्या मुखाजवळील नांत येथे जहाजाची वाट पाहताना त्यांनी लुक्सयच्या बंधूंना लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. मठात फूट पडू देऊ नका, अट्टालाचे ऐका, माझ्यामुळे कोणी दुखावला गेला असेल तर तो माझा दोष, अशा आशयाचे ते लांबलचक पत्र आहे. मध्येच त्यांचा स्वर कातर होतो आणि ते स्वतःला आवरतात. फटक्यांचे नियम लिहिणारा हाच हात होता का, असा प्रश्न पडावा. पत्राच्या अखेरीस जहाज तयार असल्याचा निरोप येतो आणि लेखणी थांबते. आपण पळून जावे अशीच पहारेकऱ्यांची इच्छा दिसते, असेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे. जहाज निघाले खरे, पण लाटांनी ते पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकले. तीन दिवस ते वाळूत रुतून राहिले. घाबरलेल्या नावाड्याने संन्याशांचे सामान उतरवले, तसे जहाज सुरळीत निघून गेले. संन्यासी किनाऱ्यावरच राहिले आणि त्यांना अडवण्यास पुन्हा कोणी आले नाही.

आयर्लंडला परतण्याचा विषयच नव्हता. शेजारच्या राज्याचा राजा क्लोथार ह्याने त्यांचे स्वागत केले. तेथून पॅरिसवरून मो येथे आले असता एका सरदाराच्या घरी त्यांनी बुर्गुंडोफारा नावाच्या बालिकेला आशीर्वाद दिला. पुढे तिने धर्मभगिनींचा मोठा मठ स्थापन केला. मेत्स येथे थिऊडेरिकचा भाऊ आणि वैरी राजा थिऊडेबर्ट ह्याने त्यांना सीमेवरच्या मूर्तिपूजक आलेमान्नी लोकांमध्ये शुभवर्तमान सांगण्यास पाठवले. आता ऱ्हाइन नदीतून प्रवाहाविरुद्ध वल्ही मारण्याचा प्रवास सुरू झाला. साठी ओलांडलेले कोलंबन, थकलेले सोबती आणि दोन्ही तीरांवर दाट अरण्य. माइन्झच्या बिशपांनी वाटेसाठी धान्य दिले. तेथून दक्षिणेकडे, मग आर आणि लिमात ह्या नद्यांच्या खोऱ्यांतून ते झुरिच सरोवरापाशी पोहोचले.

तेथील टुगेन गावी गॅल ह्यांनी देवळांना आग लावली आणि नैवेद्य सरोवरात फेकला. गावकऱ्यांनी साहजिकच त्यांना पिटाळून लावले. आज अशा कृतीचे समर्थन कोणी करणार नाही. ख्रिस्तसभाही परधर्मीयांशी संवादाची भाषा बोलते. त्या काळातील धर्मप्रसारकांचा उत्साह त्यांच्याच काळाच्या मापाने मोजावा लागतो, परंतु झाकून ठेवू नये. पुढे ही मंडळी कॉन्स्टन्स सरोवराच्या काठावर, आजच्या ऑस्ट्रियातील ब्रेगेन्झ येथे स्थिरावली. तेथे लोक आपल्या वोडान देवासाठी बिअरचे मोठे पिंप अर्पण करण्याच्या बेतात होते. कोलंबन ह्यांनी दुरून फुंकर मारली आणि पिंप फुटले, अशी कथा आहे. गॅल ह्यांना तेथील भाषा चांगली अवगत होती, म्हणून उपदेश तेच करीत. उरलेल्या वेळी ते जाळी विणत आणि सरोवरात मासे धरीत, त्यावरच साऱ्यांची गुजराण चाले.

इ. स. ६१२ मध्ये दोघा भावांत युद्ध होऊन थिऊडेबर्टचा पराभव झाला आणि ब्रेगेन्झचा प्रदेशही थिऊडेरिकच्या अमलाखाली आला. चोरीस गेलेल्या गाईच्या शोधात गेलेल्या दोन बंधूंची रानात हत्या झाली. कोलंबन ह्यांनी पुन्हा निघावयाचे ठरवले, ह्या वेळी आल्प्स ओलांडून इटलीकडे. निघण्याच्या दिवशी गॅल ह्यांना तापाने घेरले आणि आपल्याला चालवत नाही असे त्यांनी सांगितले. बावीस वर्षे हा शिष्य सावलीसारखा बरोबर होता. कोलंबन ह्यांना वाटले, की सरोवर, मासे आणि माणसे ह्यांचा मोह ह्याला सुटत नाही आणि आजार हे निमित्त आहे. तुला राहावयाचे तर राहा, परंतु मी जिवंत असेपर्यंत पवित्र मिस्सा अर्पण करावयाची नाही, अशी आज्ञा देऊन ते चालू लागले. धर्मगुरूसाठी ह्याहून मोठी शिक्षा कोणती असणार? गॅल ह्यांनी वाद घातला नाही. बरे झाल्यावर ते स्टाइनाख ओढ्याकाठच्या अरण्यात झोपडी बांधून राहिले आणि ती आज्ञा त्यांनी अक्षरशः पाळली.

इटलीत लोंबार्ड राजा आगिलुल्फ आणि कॅथलिक राणी थिओडेलिंडा ह्यांनी कोलंबन ह्यांचे आदराने स्वागत केले. मिलान येथे त्यांनी प्रभू येशूचे देवत्व नाकारणाऱ्या एरियन पंथाविरुद्ध लेखन केले. पोप चौथे बोनिफेस ह्यांनाही त्यांनी, तत्कालीन एका धर्मवादावरून, आपल्या नेहमीच्या निर्भीड शैलीत पत्र लिहिले. पेत्राच्या आसनाविषयीची अपार निष्ठा आणि त्या आसनावरील व्यक्तीला बजावण्याचे धाडस, दोन्ही त्या एकाच पत्रात एकत्र नांदतात.

राजाने त्यांना पिआचेन्झापासून सुमारे ४५ किलोमीटरवर, ट्रेब्बिया नदीच्या डोंगराळ खोऱ्यात, बोब्बियो येथे जागा दिली. तेथे संत पेत्राच्या नावे एक मोडकळीस आलेले चर्च होते. नदीत मासे मुबलक, डोंगरात लाकूड विपुल. सत्तरीच्या घरातील कोलंबन स्वतः तुळया खांद्यावर घेऊन चढणीवरून चालले आणि इ. स. ६१४ मध्ये मठ उभा राहू लागला. ह्याच सुमारास लुक्सयहून मठाधिपती युस्टेस भेटीला आले. थिऊडेरिक मरण पावला होता, ब्रुनहिल्डेचा भीषण अंत झाला होता आणि तिन्ही राज्ये आता क्लोथारच्या हाती होती. त्याने कोलंबन ह्यांना सन्मानाने परत बोलावले होते. लुक्सयची वाट खुली झाली होती. ज्या वाटेसाठी एकदा ते टेकडीवर चढून बसले होते, ती आता त्यांनी नाकारली. मागे राहिलेल्या माझ्या बंधूंची काळजी घ्यावी, एवढीच विनंती त्यांनी राजाला केली.

मनुष्याचे जीवन म्हणजे वाट आहे, घर नव्हे, हा विचार त्यांच्या प्रवचनांत वारंवार येतो. वाटेत कोणी घर बांधीत नाही, वाट चालावयाची असते आणि घर पित्यापाशी असते, असे ते शिष्यांना समजावीत. बोब्बियोजवळच्या डोंगरात कोली गावानजीक एक गुहा आहे. उपवासकाळात ते तेथे एकांतात राहत, अशी परंपरा सांगते. इ. स. ६१५ मध्ये, २३ नोव्हेंबर रोजी, त्यांनी प्राण ठेवला. बोब्बियोच्या मठमंदिराच्या तळघरात त्यांची कबर आहे.

त्यांच्यामागे मठ वाढत गेला. इ. स. ६२८ मध्ये पोप पहिले होनोरियुस ह्यांनी बोब्बियोला थेट आपल्या अधिकाराखाली घेतले. मठाधिपतींना रोमला जावे लागे, त्यासाठी ते ॲपेनाइन पर्वतातील पायवाटा वापरीत. बोब्बियोवरून पोन्त्रेमोलीकडे जाणारी ती डोंगरवाट आज 'मठाधिपतींची वाट' ह्या नावाने पदयात्रेकरूंच्या परिचयाची आहे. मठाच्या ग्रंथालयात शेकडो हस्तलिखिते जतन झाली. नव्या कराराच्या पुस्तकांची एक प्राचीन यादी बोब्बियोच्याच एका हस्तलिखितातून मुरातोरी ह्या विद्वान धर्मगुरूंनी १७४० मध्ये प्रकाशित केली. बँगरच्या मठातील स्तोत्रांची पोथीसुद्धा ह्या ग्रंथालयामुळेच वाचली. फ्रेंच राजवटीत १८०३ साली मठ बंद करण्यात आला, चर्च मात्र आजही आहे. ट्रेब्बियावर अकरा कमानींचा एक वेडावाकडा पूल आहे. तो सैतानाने कोलंबन ह्यांच्यासाठी एका रात्रीत बांधला, मोबदल्यात पूल ओलांडणारा पहिला जीव मागितला आणि कोलंबन ह्यांनी आधी कुत्रा सोडला, अशी लोककथा गावात सांगतात. पूल त्यांच्यानंतरच्या काळातील आहे, पण कथेतील कोलंबन मात्र बरोबर ओळखू येतात.

१९५० मध्ये लुक्सय येथे त्यांच्या स्मरणार्थ भरलेल्या परिषदेला फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबर्ट शुमान उपस्थित होते. युद्धाने होरपळलेल्या युरोपला एकत्र आणू पाहणाऱ्यांनी ह्या संताला आश्रयदाता मानावे, असे त्यांनी सुचवले. पोप सोळावे बेनेडिक्ट ह्यांनीही ११ जून २००८ रोजीच्या सार्वजनिक भेटीत त्यांचे चरित्र श्रद्धावंतांपुढे ठेवले. अलीकडच्या काळात ठिकठिकाणच्या मित्रमंडळांनी बँगर ते बोब्बियो अशी ही वाट पुन्हा जोडत आणली आहे.

गॅल ह्यांची हकिकत मात्र अजून बाकी आहे. इ. स. ६१५ च्या त्या हिवाळ्यात एका पहाटे गॅल ह्यांनी आपल्या सोबत्याला, मागनोआल्ड नावाच्या डीकनला, उठवले आणि मिस्साची तयारी करावयास सांगितली. तीन वर्षांत हे शब्द त्यांच्या तोंडून निघाले नव्हते. डीकनने चकित होऊन विचारले, तेव्हा आपले गुरू प्रभूकडे गेल्याचे आपल्याला ह्या रात्री कळले, असे त्यांनी सांगितले. मिस्सा आटोपल्यावर त्यांनी मागनोआल्डला बोब्बियोकडे धाडले. अनोळखी मुलूख, मधे हिवाळ्यातील आल्प्स, आणि डीकन वाट माहीत नाही म्हणून कचरत होता. गॅल ह्यांनी त्याला धीर देऊन निरोप दिला. ज्या दिशेने तीन वर्षांपूर्वी कोलंबन रागाने चालते झाले होते, त्याच दिशेने तो एकटा चालत गेला. बोब्बियोत पोहोचल्यावर त्याला कळले, की दिवस आणि घटका दोन्ही जुळत आहेत.

तेथील बंधूंनी त्याच्याजवळ एक पत्र दिले आणि एक काठी. कोलंबन ह्यांनी ह्या साऱ्या वाटांवर जी हाती धरली होती, ती त्यांची मठाधिपतीची काठी. ती गॅलला द्यावी, त्याला क्षमा आहे हे त्याला कळावे, असे त्यांनी मरण्यापूर्वी सांगून ठेवले होते. मागनोआल्ड ती घेऊन पुन्हा पर्वत चढला आणि स्टाइनाखच्या काठावरील झोपडीत त्याने ती गॅल ह्यांच्या हाती दिली. त्याच झोपडीच्या जागी पुढे सेंट गॅलनचा मठ आणि शहर उभे राहिले.